ग्रहणाच्या काचा

आमच्या घरी आवाज केल्याशिवाय काही खाली ठेवलं जात नसे. माय ताट वाढून आणायची ती आधी वाटी ताटाच्या काठावर टिचकीसारखी वाजवायची, मग ताट बाबांच्या पुढ्यात ठेवायची. पाण्याचा गडवा फरशीवर जरा आपटूनच टेकवायची. दारातून आत येताना बांगड्या उगाच मागेपुढे करायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. पुढे तुमसरला मावशीकडे राहायला गेले तेव्हा तिथल्या जेवणाची शांतता मला चमत्कारिक वाटली, आणि परत आल्यावर पहिल्यांदाच मी मायच्या हाताकडे नीट पाहिलं. ती भाताजवळ लाखोळीची भाजी वाढत होती, आणि वाढताना सहज बोलावं तसं म्हणत होती, "उजवीकडं भाजी हाय जी. झिंग्याची चटणी वरतं ठेवली." बाबा "हूं" म्हणाले आणि त्यांचा हात नेमका तिथे गेला. मी घास तोंडात धरून बसले.

बाबा सिहोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पण आसपासच्या गावांत त्यांना ओळखत ते कंदीलवाले मास्तर म्हणून. नागपूरच्या एका कॉलेजानं मोडीत काढलेला, काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारा मॅजिक लँटर्न त्यांनी तरुणपणी घरी आणला होता. काळ्या पत्र्याची पेटी, वर धुराडं, पुढे पितळेची नळी आणि तिच्यात जाड भिंगं. त्याच्याबरोबर काचांची लाकडी पेटी. धान कापून झालं की रविवारी बाबा तो घेऊन निघायचे. बैलबंडीनं, एसटीनं, वरठीला कारखान्यातल्या कामगारांसाठी गेले तेव्हा रेल्वेनं. दूर पवनीकडेही जाऊन आले होते. त्यातली काही गावं आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहेत, आणि कधीकधी माझ्या मनात येतं की ज्या भिंतींवर बाबांनी चंद्राचे डोंगर दाखवले, त्या भिंतींना आता मासे लागत असतील.

बाबा सांगायचे की हे काही त्यांचं खूळ नव्हे. सिनेमा यायच्या कितीतरी आधी, मोठ्या शहरांतल्या सभागृहांत विद्वान माणसं अशाच काचा दाखवून व्याख्यानं द्यायची. ग्रह, ज्वालामुखी, पाण्याच्या थेंबातले जंतू. लोक तिकीट काढून यायचे. काचा विलायतेहून यायच्या, बायका-पोरी तिथल्या कारखान्यांत बसून बारीक कुंचल्यानं त्या रंगवायच्या. मग फोटोच्या काचा निघाल्या, मग सिनेमा आला, आणि कंदील अडगळीत गेले. "पण सिनेमातलं चित्र पळते," बाबा म्हणायचे, "काचेवरचं थांबते. मानसाले विचारायले वेळ भेटते." आमच्या पेटीत त्या जुन्या विलायती काचा थोड्या होत्या, बाकीच्या बाबांनी आणि पुढे मी केलेल्या. दोन काचांमध्ये चित्र ठेवायचं, कडेनं काळी कागदी पट्टी चिकटवायची, आणि कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. काच कंदिलात उलटी घालावी लागते, तेव्हा कुठे पडद्यावर सुलटी दिसते. अंधारात तो ठिपका अंगठ्याखाली आला की समजायचं, बरोबर धरली.

मॅट्रिक झाल्यापासून कंदील मीच चालवत होते. बाबा पडद्याजवळ उभं राहून बोलायचे आणि चित्र बदलायचं असलं की हातातली काठी जमिनीवर एकदा ठोकायचे. मी लाकडी चौकट सरकवायची, खट्ट आवाज व्हायचा, नवं चित्र उभं राहायचं. वीज नसलेल्या गावात कार्बाइडचा दिवा लावावा लागे, त्याला लसणासारखा उग्र वास येई आणि तो मध्येच फुरफुरे. तरी मला ते काम फार आवडायचं. तुमसरहून आल्यानंतर मात्र त्या आवडीत भीती शिरली. मी पाहू लागले की बाबा पडद्याकडे बघतच नाहीत. चंद्रावरचं विवर दाखवताना काठी आता विवरावर जात नाही, हवेत फिरते. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागतो आणि ते "अरे" म्हणून हसून पुढे जातात. वह्या तपासताना ते मला जवळ बसवून म्हणायचे, "वाच बरं, तुझं वाचन सुधारते." मी वाचायची, ते खुणा सांगायचे. वर्गात पोरांना फळ्यावर लिहायला लावायचे. पेपर मात्र अगदी डोळ्यांसमोर धरून दोन-चार शब्द वाचून दाखवायचे, म्हणून पाहणाऱ्याला संशय येत नसे. आता मला माहीत आहे की काचबिंदूत असंच होतं. बाजूचं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत राहतं, जणू किल्लीच्या भोकातून जग बघावं तसं. त्या वर्षी त्यांचा एक डोळा पुरता गेलेला होता आणि दुसऱ्यात ते भोक तेवढं उरलं होतं, तेही उजेडात. अंधारात काहीच नाही.

कुणी काही बोलत नव्हतं. बाबांना वाटायचं, नोकरी जाईल. मायला वाटायचं, बोललं तर ते मोडतील. मला काय वाटायचं ते मलाच सांगता यायचं नाही; मी फक्त त्यांच्या पावलांकडे पाहत राहायची. न्हाणीत गेले की परत येईस्तोवर माझे कान तिकडे. अंगणात कुणी बादली वाटेत ठेवली की मी उठून बाजूला करायची. माय पहाटे चूल पेटवताना एकटीच पुटपुटायची ते मला ऐकू यायचं, "आजचा दिवस निभू दे बापा." एकदा मी धीर करून म्हटलं, "माय, नागपूरले दाखवून आणू ना बाबाले." तिनं फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू काहून बोलतेस? त्याईले माहीत नाही का त्याईचं?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

अशात सूर्यग्रहण आलं. आमच्याकडे पूर्ण दिसणार नव्हतं, पण सूर्याचा मोठा घास जाणार होता, आणि सगळीकडे तीच चर्चा. म्हातारी माणसं दारं लावून बसणार होती, आणि तरणी पोरं ठरवून बसली होती की काचेला काजळी धरून बघायचंच. बाबांना त्या काजळीच्या काचेची फार धास्ती होती. काजळीनं डोळ्याला झळ कमी लागते, म्हणून माणूस जास्त वेळ बघतो, आणि आतला पडदा कधी जळाला ते त्याला कळतही नाही. ते घरात येरझाऱ्या घालत म्हणायचे, "एका जरी पोराचे डोळे गेले ना शालू, तं आपन काय शिकवलं?" त्यांनी गावोगाव निरोप धाडले. मी नव्या काचा रंगवल्या. एका काचेवर बाप, माय आणि दोन लेकरं काजळीच्या काचा डोळ्यांना लावून वर सूर्याकडे बघताहेत. दुसऱ्या काचेवर तेच चौघं सूर्याकडे पाठ करून उभे आहेत, बापाच्या हातात भोक पाडलेला पुठ्ठा आहे, आणि सगळे खाली जमिनीवर पडलेल्या छोट्या सूर्याकडे बघताहेत. फुल्या-बिल्या मी काढल्या नाहीत. हे करू नका, हे करा, हे बाबा तोंडानं सांगणारच होते.

सिहोऱ्याच्या पुढच्या एका मोठ्या गावात व्याख्यान ठेवलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांना अजून माझ्याबद्दल माया आहे. तिथल्या राईस मिलचे मालक टीकारामजी बाबांचे स्नेही. त्यांनी दुपारी मिल बंद ठेवून धानाचं गोदाम मोकळं करून दिलं. एकच अट घातली, "मास्तर, इथं सारा कोंडा हाय, तुमची ती गॅसबत्ती नाही पेटवायची. लाइट घ्या." म्हणून आम्ही कंदिलात मोठा बल्ब लावला. गोदामाला खिडक्या नव्हत्या. मोठं दार ओढून घेतलं की आत अंधार, वरच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती तेवढ्यांतून उन्हाच्या बारीक काड्या खाली यायच्या. जमिनीवर बसायला रिकाम्या पोत्यांचा बारदाना अंथरला होता. सगळीकडे नव्या धानाचा धुळकट, गोडसर वास. माणसं दाटीनं बसली होती, पुढे बायका, लेकरं मांडीवर. मी बाबांना हात न लावता, पण कोपर त्यांच्या कोपराला लागेल इतकी जवळून चालत पडद्यापाशी सोडून आले. ते नेहमीसारखे ताठ उभे राहिले.

सुरुवात झकास झाली. पेटीतली सगळ्यात जुनी काच मी मुद्दाम आधी घेतली. लाकडी चौकटीला पितळेचा दांडा, तो फिरवला की काळी चकती हळूहळू पिवळ्या सूर्यावर सरकते. गोदामात कुजबुज उठली. बाबांचा आवाज भरदार होता, ते राहू-केतूवर चिडले नाहीत, कुणाची थट्टा केली नाही. चंद्राची सावली कशी पडते ते हाताचा अंगठा डोळ्यापुढे धरायला लावून समजावलं. मग काठी ठोकली. मी डोळ्याची आतली रचना दाखवणारी काच सरकवली. भिंग, पडदा, मागची शीर. "हा आतला पडदा जळाला, तर तो पुन्हा येत नाही," ते म्हणाले. मी तेव्हा खाली बघितलं.

त्यानंतर ते एक पाऊल पुढे सरकले आणि काठी ठोकली. पण ती बारदान्यावर पडली. आवाज झालाच नाही, आणि बोलण्याच्या भरात ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, ते अजून डोळ्याबद्दलच बोलताहेत. "असं मुळीच करायचं नाही," ते म्हणत होते, "काजळीची काच असो, नाहीतर पाण्यातलं प्रतिबिंब असो." पडद्यावर डोळा तसाच होता. माझा हात चौकटीवर, मी वाट बघत होते. मग ते मागे सरले, काठी फरशीवर वाजली, मी चौकट सरकवली. पडद्यावर काजळीच्या काचा लावून वर बघणारं कुटुंब उभं राहिलं, आणि बाबा प्रसन्न आवाजात म्हणाले, "हे बघा. असं करायचं. किती सोपं आहे. घरातल्या लहान लेकरांनासुद्धा असंच दाखवा."

पुढे बसलेली बाई, पार्बताबाई तिचं नाव, मांडीवरच्या नातवाला बोटानं पडद्यावरची काच दाखवत होती. मी काही विचार न करता चौकट पुढे सरकवली. पुठ्ठ्याचं चित्र आलं. पण खट्ट झालेलं बाबांनी ऐकलं. ते थांबले. "शालू, मी ठोकलं नाही. मागं घे." त्यांच्या आवाजात वर्गातला कडकपणा होता. मी घुटमळले. "मागं घे म्हटलं ना." मी मागं घेतलं. आजही सांगते, तेवढा एक क्षण हात माझे नव्हतेच, त्यांच्या आवाजाचे होते. ते कुटुंब पुन्हा सूर्याकडे बघायला लागलं. "हं," बाबा म्हणाले, "तर नीट बघून ठेवा. अगदी असंच."

"बाबा," मी म्हटलं, "चित्र चुकलं."

"बरोबर आहे. चालू दे."

"नाही जी, चुकलं. हे काजळीचं आहे."

ते हसले, लोकांकडे तोंड करून. "माझी पोरगी घाबरते. चित्र बरोबर आहे, मी पाहून राहिलो ना."

गोदामात कुणी हलेना. सगळ्यांना पडद्यावर काय आहे ते दिसत होतं, आणि मास्तर काय म्हणताहेत तेही ऐकू येत होतं. कुणी मास्तरांवर विश्वास ठेवला असता. का नाही ठेवणार? मी कंदिलामागून उठले. "बाबा," मी म्हटलं, "तुमाले दिसून नाही राहिलं."

बाबांनी पडद्याकडे मान वळवली, मग दुसरीकडे, जणू मी कुठे आहे ते शोधत होते. मला वाटलं, ते आता पडतील. टीकारामजी उठून त्यांच्याजवळ गेले, पण बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि आमच्या घरच्या बोलीत, व्याख्यानाच्या नाही, म्हणाले, "पोरगी बरोबर सांगते. मले दिसत नाही. आता जे चित्र हाय, तसं कोनी करू नोका. शालू, पुढचं लाव."

मी पुढचं लावलं. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "मास्तर, सूर्याकडं पाहूनच गेले का जी तुमचे डोळे?"

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शेजारी उभे टीकारामजी हळूच म्हणाले, ते मला स्पष्ट ऐकू आलं, "हो म्हना मास्तर. लोक ऐकतीन." आणि खरंच, एक हो म्हटलं असतं तर त्या गावातल्या एकाही पोरानं वर बघितलं नसतं. बाबांची मान जरा खाली गेली. मग ते म्हणाले, "नाही. माझा रोग वेगळा हाय. मी कधी ग्रहन उघड्या डोळ्यानं पाह्यलं नाही. पन गेलेली नजर वापस येत नाही, हे दोन्हींत सारखंच. तेवढं माझ्याकडं पाहून घ्या."

मग ते बसले, बारदान्यावर, लोकांत. कुणीतरी जागा करून दिली. बोलायला आता मीच उरले होते. पडद्याकडे बघवेना, म्हणून खाली पाहिलं, तर पार्बताबाईच्या पदरावर उजेडाचा एक गोल पडला होता. तसेच आणखी पोत्यांवर, माणसांच्या डोक्यांवर, जमिनीवर. वरच्या पत्र्याच्या भोकांमधून. भोकं खिळ्यांची, वेडीवाकडी, तरी खाली पडलेले सगळे तुकडे गोल. मी कंदील बंद केला. म्हटलं, "काकू, हा तुमच्या पदरावर आहे ना, हा सूर्यच आहे. भोक कसंही असू दे, खाली सूर्याचाच आकार पडते. ग्रहणाच्या दिवशी हा कोरलेला दिसन. वर कायले पाहाचं? इथंच या, दार लावा, अन् खाली पाहा." पार्बताबाईनं पदर जरा हलवला, गोल तिच्या हातावर आला. नातू तो पकडायला लागला. "मंग मले घरातच दिसन म्हनतेस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

परतताना एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. मला वाटत होतं, हे आता माझ्याशी कधी बोलणार नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, मध्येच एखादं छोटं तळं, बोडी, तिच्यात बगळे. मग ते म्हणाले, "तुले कधीपासून माहीत होतं?"

"लय दिवसांपासून."

"अन् तुझ्या मायले?"

"माझ्या आधीपासून."

ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मंग मी लपवून कोनापासून राहिलो होतो?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुख्याध्यापकांकडे गेले. मी आणि माय दारात उभ्या होतो, मायच्या तव्यावरची पोळी करपली तरी तिला कळलं नाही. मुख्याध्यापक बरा माणूस होता. काही महिने त्यानं बाबांना तोंडी तास दिले, मग नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. त्या शाळेत पुढे मी लागले, पण ती पुष्कळ नंतरची गोष्ट. ग्रहणाच्या दिवशी मी त्या गावी गेले. माय म्हणाली होती, जाऊ नको, ग्रहणात पोरीनं बाहेर पडू नये. पण तुळशीचं पान पाण्यात टाकता टाकता तीच म्हणाली, जा, लोक वाट पाहत असतील. गोदाम भरलं होतं. सूर्य कोरला जाऊ लागला तसे जमिनीवरचे सगळे गोल चंद्रकोरी झाले, शेकडो, एकाच दिशेला तोंड करून, माणसांच्या अंगाखांद्यावर. बायका एकमेकींच्या पाठीवरच्या कोरी बघत होत्या. मी मात्र ते दृश्य पोटभर बघू शकले नाही. माझं लक्ष दाराकडे होतं, कुणी पोरगं बाहेर सटकतंय का. नंतर कितीतरी दिवस, बाजारात त्या गावचं कुणी भेटलं की मी आधी डोळ्यांचं विचारायची. काही झाल्याचं कुणी सांगितलं नाही. तरी आजही ग्रहणाची बातमी टीव्हीवर आली की नातवंडांना मी इतकं बजावते की ती हसतात.

त्यानंतर काही दिवसांनी बाबा नागपूरला दवाखान्यात जायला तयार झाले. जे गेलं ते परत आलं नाही, उरलेलं थेंब घालून काही वर्षं टिकलं, हे पुढचं. मला लिहायचं आहे ते त्या सकाळबद्दल. एसटी स्टँड आमच्या घरापासून गल्ली ओलांडून बाजाराच्या पलीकडे. मी पिशवी घेऊन पुढे निघाले. मागे वळून बघते तर माय उंबऱ्यात उभी. बाबांनी काठी पुढे केली होती आणि ती दगडाला अडत होती. मायनं डोक्यावरचा पदर नीट केला, दोन पावलं पुढे आली आणि त्यांचा हात धरला. त्या काळी आमच्या गल्लीत कोणतीही बाई नवऱ्याचा हात धरून चालत नसे. माय तर त्यांच्या मागे चार हात राहून चालणारी. ओट्यावर दात घासणारे थांबले. नळावरच्या बायकांच्या पाण्याच्या गुंड्या भरून वाहू लागल्या. मायचा चेहरा लालभडक झाला होता, पण तिनं हात सोडला नाही. खड्डा आला की ती बोटं दाबायची, बाबा पाय उचलायचे.

बाजाराच्या तोंडाशी बाबांनी हळू आवाजात विचारलं, "कोन कोन पाहून राहिले?"

"सारेच," माय म्हणाली.

बाबांनी तिचा हात आणखी घट्ट धरला. "पाहू दे," ते म्हणाले.